पालखीची रजा

औषधांचे बॉक्स भरायची आमची लाइन कंपनीने बंद केली आणि कंत्राटदाराने आम्हा अठरा जणांना एका सोमवारी घरी पाठवलं. नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला तीन महिने अर्धा पगार मिळतो, हे मला तेव्हा कळलं. मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी त्यातून निघणार होती. अटी अशा, की विम्याची वर्गणी दोन वर्षं भरलेली हवी, गैरवर्तनाचा ठपका नको, आणि काम आपण होऊन सोडलेलं नसावं.

माझा स्वभाव मुळातच संशयी. मासेवालीने वाटा मोठा लावला तरी मी आधी हुंगून बघतो. पहिला संशय कंत्राटदारावर. यानं आमची वर्गणी गिळली असणार. मोबाइलवर तपासलं तर सगळी जागच्या जागी. बरं वाटायला हवं होतं, पण उलट धास्तीच वाढली. एवढा सरळ माणूस कंत्राटदार कसा होईल?

आठवड्याने आमचा मुकादम घरी आला. राहायला आगरदांड्याला, म्हणजे मोटरसायकल फेरीबोटीत घालून खाडी ओलांडून आलेला. त्याने कागद पुढे केला. ‘लाइन बंद झाल्यामुळे कामावरून कमी केले’ असं त्यावर होतं, खाली कंत्राटदारातर्फे त्याची सही, आणि शेजारी ‘मान्य’ म्हणून माझी हवी होती. मी तीनदा वाचलं. तो ‘मान्य’ मला खुपला. उद्या म्हणतील, तुम्हीच कबूल केलंत, आता तक्रार कसली? शिवाय पदरचं पेट्रोल जाळून कोण कुणाचं भलं करायला येतो?

“सही करा दादा, तुमच्याच कामाचा हाय,” तो म्हणाला.

“माझ्या कामाचा, तर घाई तुला कशाला?”

तो कागद घडी करून गेला. चार दिवसांनी परत आला, तेव्हा मी परसातून पुढे आलोच नाही.

महिना उलटल्यावर विमा कार्यालयात अर्ज केला. तिथल्या बाई म्हणाल्या, “तुम्ही तर राजीनामा दिलाय.” माझा पारा चढला. खोटी सही आहे, मला ठाऊकच होतं, असं मी चारचौघांत ओरडलो. बाईंनी कंत्राटदाराकडून आलेला कागद छापून समोर ठेवला. अक्षर माझंच होतं. शिमग्याच्या रजेचा अर्ज. ‘ग्रामदेवतेची पालखी घरी येणार आहे. रजा न मिळाल्यास मी काम सोडले असे समजावे.’

आमच्याकडे असंच लिहितात. पालखी दारात आणि घरचा कर्ता माणूस कामावर, हे आमच्यात चालत नाही. माझे वडीलही मुंबईला असंच लिहून देत. साहेब कुरकुरतो, आपण गावी जातो, पाचव्या दिवशी कामावर हजर, आणि त्या कागदाचं पुढे कुणी नाव काढत नाही. यंदा रजा मिळाली नव्हती. मी नेहमीसारखा गेलो आणि परत रुजू झालो.

“बाकीच्यांचेही असेच अर्ज आहेत,” बाई म्हणाल्या, “पण त्यांचा नंतरचा कागद आहे, कमी केल्याचा, दोघांच्या सह्यांचा. तुमचा नाही.”

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने आगरदांड्याला गेलो. मुकादम ओट्यावर बसला होता.

“तो कागद मी फाडून टाकला, दादा. नवीन करायचा तर माझी सही आता चालायची न्हाय,” तो म्हणाला. “तुमचे कागद झाले नि मलाबी काढला. फायलीत ते शिमग्याचे अर्ज बघितले तवाच म्हटलं, ह्ये पोरांच्या आड येनार. म्हनून दोन येळा आलो.”

तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला, तो उचलत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकादमाने चहा टाकायला सांगितला, तेवढ्यात मी उठलो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “काय म्हनाला?”

“घरी नव्हता,” मी म्हणालो.

तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “त्याचा फोन आलेला. चहा न घेताच गेलात म्हनत होता.”