वकिलीणबाईंचा शिवणवर्ग

बाईंनी माझं बोट मशिनच्या सुईखाली धरलं अन् दुसऱ्या हातानं चाक फिरवलं.

सुई नखातून आत गेली. हाडाला लागली अन् तुटली. मी किंचाळले. दारात वर्गातल्या पोरी गोळा झाल्या होत्या. एकही पुढे आली नाही. बाई म्हणाल्या, "शिकायची हौस होती ना? शिकलीस आता."

मी महाराची पोर. बाप तापानं गेलेला. माय मलकापुरात एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. गरिबांच्या मुलींना हातकाम यावं म्हणून एका वकिलाच्या बायकोनं आपल्या घरी वर्ग काढला होता. तेव्हाच्या नागपूरच्या सरकारनं मशिन दिलं. ते आलं त्या दिवशी बुलढाण्याहून मोठा साहेब आला. आम्हा महारपुऱ्यातल्या पोरींना तेल-फणी करून पुढे उभं केलं. टाळ्या वाजल्या. साहेबाची गाडी वळली तसं मशिन आत गेलं अन् आम्ही अंगणात.

आत वकील-कारकुनांच्या मुली शिवायच्या. आम्ही उन्हात बसून काजं करायची, गुंड्या लावायच्या. जाताना अंगण सारवायचं. आमच्या हातचा कपडा बाई काठीनं उचलायच्या, त्यावर पाणी शिंपडायच्या. मग तोच कपडा त्यांच्या लेकी अंगात घालायच्या.

त्या दुपारी बाई जेवायला गेल्या होत्या. आतल्या पोरी परसात. मी आत शिरले. एका फडक्यावर वीतभर शिवण मारली. सरळ. मला हसू फुटलं. तोंड भरून हसत होते मी, तेवढ्यात मागून कोणी वेणी ओढली.

सुई खुपसेपर्यंत माझा विटाळ नव्हता. नंतर बाईंनी आंघोळ केली. मशिनवर गोमूत्र शिंपडलं.

घरी मायनं काटा काढायच्या चिमट्यानं सुईचा तुकडा ओढला. मी तिच्या खांद्याला चावले. तिनं चावू दिलं. तुकडा निघाला तशी म्हणाली, "उद्या माफी मागाले जाऊ."

"काऊन? मीनं काय केलं?"

"वकील जिनवाल्याचा माणूस हाय. माहं काम गेलं त खाशील काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बाई ओसरीवर उभ्या होत्या, हातात छडी. बाजूला दोन गडी. माय खाली अंगणात जोडल्या हातानं. बाई म्हणाल्या, "नाक घासू दे तिला. पायरीवर."

मायनंच माझी मान धरली. "घास व माय, घास." मी घासलं. दगडाची कच नाकात गेली. बाई म्हणाल्या, "आता तू. असली कारटी जन्माला घातलीस ना?"

माय वाकली. बाई वरून छडीनं तिची मान दाबत होत्या. "अजून. अजून." मायच्या नाकातून रक्त आलं, पायरीवर पसरलं. "घाण केलीस वर," असं म्हणत बाईंनी तिच्या पाठीत छडी मारली. एकदा. पुन्हा एकदा.

तिसऱ्यांदा छडी उचलली तेव्हा मी ती धरली. ओढली. बाईंच्या मनगटावर हाणली.

बांगड्या फुटल्या. हिरव्या काचा ओसरीभर उडाल्या. बाई माराला नाही ओरडल्या, बांगड्यांना ओरडल्या. "माझ्या नवऱ्यावर उठली हो महारीण!"

मग गडी आले. मला लाथांनी तुडवलं. मायला केस धरून रस्त्यापर्यंत फरफटत नेलं. संध्याकाळपर्यंत आमचं छप्पर मोडलेलं होतं. महारपुऱ्यातली माणसंच म्हणाली, आजच्या आज जा, तुमच्यापायी आमच्याही घरांवर येतील. त्यांचंही काही खोटं नव्हतं.

त्याच रात्री मायनं मला टेशनावर नेलं. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "पुन्हा असं करशील काय वं?"

"हाव. करीन."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. मग पदरानं माझं सुजलेलं तोंड पुसत राहिली.

आम्ही खामगावात उतरलो. एका मुसलमान शिंप्याच्या घरी माय धुणीभांडी करू लागली. त्याच्या म्हाताऱ्या आईनं एक दिवस मला मशिनपाशी घुटमळताना पाहिलं. म्हणाली, "खडी क्यूं है? बैठ." बस. एवढंच. मी बसले.

आज माझ्या खोलीत पोरी शिवण शिकतात. महारांच्या, मांगांच्या, ज्या येतील त्यांच्या. पहिल्या दिवशी मी पोरीच्या मायला समोर बसवते अन् सांगते: पोर चुकली त टाका उसवाले लावीन. तिच्या अंगाले मी हात लावणार नाही. दुसऱ्या कोणी लावला, त त्याच्या दारात तू जायचं नाही. मी जाईन.

माफी मागाले नाही.