फेट्याखालचे कान

गाण्याचा मुखडा येऊन गेला तरी गाणारी बाई गात नव्हती. माझ्याकडे बघून कानाकडे बोट दाखवत होती. समोर सेनगावचं मैदान खचाखच भरलेलं आणि मी स्टेजच्या कडेला, पडद्याआड, साउंडच्या टेबलाशी.

माझा धंदा साउंड सिस्टिमचा. लग्नं, कीर्तनं, प्रचारसभा, सगळं करून झालंय. पण हे काम मी भांडून मिळवलं होतं. गायिकेचं नाव लिहीत नाही. आमच्या गाडीत दुसऱ्या कुणाचं गाणंच लागत नाही, असं बायको वैतागून सांगते, एवढं पुरे.

स्टेजवर गाणाऱ्याला म्युझिक नीट ऐकू येत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. त्यांच्या मागे पोचतो तो नुसता धमधमाट. म्हणून हल्लीचे गायक कानात छोटी बोंडं घालतात. आम्ही त्याला इन-इअर म्हणतो. कमरेला डबी, तिथून पाठीवरून वायर कानात. दुपारीच साउंड चेक झाला होता. कानातला आवाज एकदा जमला की माझ्या टेबलावर फारसं काम उरत नाही. लोकांचा आवाज माझा भागीदार सलीम मैदानात बसून सांभाळतो. त्यामुळे बेत पक्का होता. पहिलं गाणं सुरू झालं की मी बायकोशेजारी जाऊन बसणार. तिने दुसऱ्या रांगेत पर्स ठेवून खुर्ची अडवली होती.

कानाकडे बोट म्हणजे आवाज वाढवा. मी वाढवला. पुन्हा बोट. आणखी वाढवला. गायिकेने जोरात नकाराची मान हलवली, तेव्हा माझं लक्ष तिच्या फेट्याकडे गेलं.

कानात बोंडं घालूनच ती स्टेजवर आली होती आणि गाण्याआधी तिचा सत्कार झाला होता. पाहुण्याला फेटा बांधल्याशिवाय आमच्याकडे कार्यक्रम सुरू होत नाही. बांधायला डोंगरकडा गावचे गणपतमामा. त्यांनी बांधलेला फेटा वरात संपली तरी हलत नाही. मामा जिन्यापाशीच उभे होते.

"मामा, बाईंच्या कानातलं कुठं गेलं?"

"ते व्हय? त्याच्यानं फेटा बराबर बसून नव्हता राहिला. काढून आतल्या घडीत खोसलं. पडू नये म्हणून."

"त्यांना इचारलं का?"

"इचारलं की. मान डोलावली बाईनं."

त्या वेळी शेजारी हलग्या वाजत होत्या. तिला काय कप्पाळ ऐकू आलं असणार!

मी आयोजक मारोतरावांना गाठलं. "दादा, फेटा सोडावा लागंल."

"न्हाई! एवढ्या लोकांसमोर फेटा उतरवायचा? लोकं बाईलाच नावं ठेवतील."

"तिला म्युझिक ऐकू येऊन राहिलं न्हाई."

"आख्ख्या सेनगावला ऐकू येऊन राहिलं, मग तिलाच काहून न्हाई?"

समजावून सांगायला वेळ नव्हता. शिवाय लोकांबद्दल ते बोलले ते खोटं नव्हतं. वादक बिचारे तीच सुरावट घोळवत होते आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.

भाषणांसाठी लावलेले दोन स्पीकर स्टेजच्या कडेला होते. त्यांच्या वायरी माझ्याच टेबलाला. मी ते ओढून तिच्याकडे तोंड करून ठेवले आणि त्यांत म्युझिक सोडलं. ती हसली, अंगठा दाखवला आणि गायला लागली. मैदान उसळलं.

पण असा स्पीकर धोक्याचा असतो. त्याचा आवाज माइकमध्ये शिरला की तोच पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. त्यात ही माइक घेऊन नाचणारी. ती स्पीकरजवळ आली की आवाज उतरवायचा, लांब गेली की चढवायचा. म्हणजे फेडरवरून, आवाजाच्या त्या सरकत्या खिट्टीवरून, बोट काढायची सोय नाही.

हेडफोनवर सलीम म्हणाला, "भाभी कब से मुड़ मुड़ के देख रही है। जा ना!"

मी जागा सोडली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण तिच्या गाण्यात माझ्या टेबलावरून शिट्टी गेली असती, तर पुन्हा गाडीत तिचं गाणं लावायला मला तोंड राहिलं नसतं. "न्हाई जमणार," मी म्हणालो.

मग कार्यक्रम संपेपर्यंत मान खाली, नजर टेबलावरच्या दिव्यांवर. हेडफोनमध्ये मी फक्त तिचा माइक घेतला होता. म्युझिक नाही, टाळ्या नाहीत. वरच्या सुराआधी ती श्वास घ्यायची, तोसुद्धा ऐकू यायचा. एका गाण्याला माझे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी ती फेटा तसाच ठेवून खाली उतरली. "दादा, वाचवलंत मला! कसा झाला प्रोग्रॅम?"

"ऐकायला झकास झाला," मी म्हणालो.

घरी बायकोने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. "काय नाचली हो! आन् हे बघा, मागं तुमी." पडद्याच्या फटीत एक खाली घातलेलं डोकं दिसत होतं. मला खरंच वाईट वाटलं.

आता आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी फेटा, मग कानातलं. मामांनाही तो पटलाय. आणि बायको कार्यक्रमाला येते तेव्हा पर्स मांडीवर ठेवते.