डावीकडून मादी, उजवीकडून नर

अंकुश गमरे बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतात आणि रविवारी सकाळी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी फुलपाखरं बघत हिंडतात. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं. चालता चालता नजर झुडपांकडे वळली ती वळलीच. आता ते अर्धा अर्धा तास एका जागी उभे असतात. "याला चालणं म्हणतात का?" असं त्यांची बायको दीक्षा विचारते.

फुलपाखरू ओळखण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं गमऱ्यांचं मत. ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करणारी क्षिप्रा दर रविवारी येते, तिला ते मान्य नाही. काकांनी सांगितलेलं प्रत्येक नाव ती तपासून घेते. भांडायला विषयही भरपूर. एकच जात पावसाळ्यात एका रंगाची, उन्हाळ्यात भलत्याच. एगफ्लाय नावाच्या फुलपाखराचा नर वरून काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा; पंख मिटले की तपकिरी. मादी मात्र नारिंगी, थेट टायगर नावाच्या कडवट फुलपाखरासारखी. पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. माणसंही फसतात.

गेल्या ऑक्टोबरात घाणेरीच्या झुडपावर एक फुलपाखरू पंख मिटून बसलं. काका अलीकडे, क्षिप्रा पलीकडे.

"एगफ्लाय. मादी," काका हळूच म्हणाले.

"एगफ्लाय बरोबर. पण नर आहे, काका."

"एवढं नारिंगी दिसत नाही तुला?"

"कुठे नारिंगी? तपकिरी आहे, मधे पांढरा पट्टा. चष्मा पुसा."

काकांनी खरंच चष्मा पुसला. तरी नारिंगीच. ते चिडून काही बोलणार, तेवढ्यात ऊन आलं आणि फुलपाखराने पंख पसरले. डावीकडचे नारिंगी, उजवीकडचे काळे. अर्धं अंग मादीचं, अर्धं नराचं. असं क्वचित होतं, हे दोघांनी वाचलं होतं; पाहिलं कधीच नव्हतं.

काका मातीतच बसले आणि हसायला लागले. क्षिप्राने इतक्या घाईने फोटो काढले की पहिले सगळे हलले. फिरायला आलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "पडलात का?"

"नाही हो. हे बघा, नवरा-बायको एकाच अंगात."

गृहस्थाने पाहिलं आणि तोही शेजारी बसला.

फुलपाखरांच्या ग्रुपवर फोटो गेले. एका जाणकाराने लिहिलं, "दोन फोटो जोडलेत." क्षिप्राने उडतानाचा व्हिडिओ टाकला. त्यानंतर फोन थांबेना. नोंद नरात करायची की मादीत, यावर दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी त्याच जाणकाराने माफी मागून सांगितलं, तिसरा रकाना काढा.

घरी दीक्षाने व्हिडिओ पाहिला, परत पाहिला, आणि शेजारच्या बायजाबाईंना हाक मारली. संध्याकाळपर्यंत मजल्यावरची सगळी घरं येऊन गेली. काकांचं ताट तसंच होतं. घास हातात घ्यायचे, आठवायचं, आणि पुन्हा हसू फुटायचं.