दुपारचं बंद दार

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दुपारी कुणाचं दार बंद दिसलं, की घरात कुणाला तरी बरं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग एक शेजारीण कडी वाजवणार, दुसरी पेज घेऊन येणार, आणि नुसती डुलकी काढायला दार लोटून घेतलेल्या माणसाची झोप पार उडणार. माझी तर फार चिडचिड व्हायची.

चाळ पाडून टॉवर झाला. आम्हा बापलेकींना एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं. आणि इमारत साधीसुधी नाही हं, हरित इमारत! गेटवर मानांकनाच्या ताऱ्यांची पाटी. वीज वाचवणारी इमारत बांधली की सरकार बिल्डरला सवलती देतं, जादा बांधकामाची परवानगी देतं, थेट दिल्लीपासून तसं धोरण आहे, असं चेअरमननी पहिल्याच मीटिंगला समजावलं. चेअरमन म्हणजे आमच्याच चाळीतले, दोन खोल्या सोडून राहणारे. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग, खिडक्यांना दुहेरी काच, पॅसेजमध्ये कुणी हललं तरच पेटणारे दिवे. आणि एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक दाराला ते आपोआप लोटणारा दांडा. खोटं कशाला बोलू, घर उन्हाळ्यातही तापेना आणि बिलही कमी आलं. मला बरंच वाटलं.

बाबांना मात्र पहिल्याच दुपारी धक्का बसला. गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेले, त्यामुळे बोलणं मोठ्याने. पॅसेजमध्ये पाऊल टाकलं तर मजल्यावरची झाडून सगळी दारं बंद! माणूस घाबरलाच. एकेका दारावर थापा मारत सुटले. "सगळा बरा आसा मां? दार कित्याक लावलास?"

पहिल्या दिवशी लोक हसले. एकीने चहाही दिला. पण बाबा रोज विचारायला लागले. समोरच्या वहिनी रात्रपाळी करून झोपलेल्या असायच्या, त्यांनी तक्रार केली. त्यांचंही काय चुकलं म्हणा. चेअरमन घरी आले आणि बाबांच्या कानाशी ओरडून म्हणाले, "काका, इथे दार बंद म्हणजे सगळं ठीक असतं."

"आणि उघडा आसला तर काय समजायचा?" बाबांनी विचारलं.

थापा बंद झाल्या. मग बाबांनी आमच्या दारात आपली चप्पल अडकवून ते उघडं ठेवलं आणि बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसू लागले. वाचताना माणूस हलतो किती? दिवा विझायचा. बाबा हात वर करायचे, दिवा लागायचा. लांबून वाटायचं, कुणाला तरी बोलावतायत. सुट्टीच्या दिवशी मला ते बघवायचं नाही.

एके दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर चपलेचा फोटो आला. खाली सूचना, दारं उघडी ठेवून गारवा वाया घालवू नये. माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्या घरात एसीच नाही! कसला गारवा नि कसलं काय! मी तसं लिहिलं. उत्तरादाखल चार अंगठे आले.

"जाऊ दे गो बाय," बाबा म्हणाले. "उगाच तंटो नको." त्यांनी चप्पल उचलून आत ठेवली आणि खुर्चीही दाराच्या आतल्या बाजूला घेतली. दांड्याने दार हळूच लोटून घेतलं.

त्यानंतर ते बोलायचेच कमी. संध्याकाळी मी दादरच्या ऑफिसातून आले, की विचारायचे, आज कोण भेटलं? मी सांगत राहायची. त्यांच्याकडे सांगायला काही नसायचं.

एका संध्याकाळी मी किल्लीने दार उघडलं, तर बाबा खुर्चीतच होते. पेपर मांडीवर, मान कलली होती. हात लावला तर गार. दुपारीच गेले असतील, डॉक्टर म्हणाले. समोरच्या वहिनी माझ्या गळ्यात पडून रडल्या. "दार बंद होतं गं, म्हटलं सगळं ठीक असेल." त्या खरंच बोलत होत्या. मला त्यांचा रागही धड करता येईना.

बाबांना न्यायला सगळे जमले. मजल्यावरचं शेजाऱ्यांचं एकूण एक दार सताड उघडं होतं. कुठे स्टूल लावलेलं, कुठे पाण्याची बाटली. घराघरातला गारवा पॅसेजमध्ये येत होता, दिवे एकदाही विझले नाहीत. हेच तर हवं होतं त्यांना! आता कशाला उघडलीत, असं ओरडावंसं वाटलं.

तिरडी बाहेर काढताना आमचं दार सारखं मिटत होतं. तेव्हा चेअरमन खाली वाकले, कोपऱ्यातली बाबांची चप्पल घेतली आणि दारात अडकवली.