माझ्या नावाचा चौरंग

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी गाव विचारत आणि दुसऱ्या दिवशी पोट. "साफ होतं का? किती येळ बसावं लागतं?" हे चहाचा कप हातात देता देता. माझ्या वडिलांना तर साखरपुड्यातच विचारलं, भर पंगतीत. बाबांनी हातातली जिलबी परत ताटात ठेवली.

लग्नानंतर काही वर्षं मी गंगापूरला सासरी होते. तिथला संडास अंगणाच्या टोकाला होता, उकिडवं बसायचा. मला आठवा महिना लागला, गुडघे सुजले, उठताना भिंत धरावी लागायची. नवऱ्याला, म्हणजे सुधाकरला, मी खुर्चीसारखा कमोड आणायला सांगितलं. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर काढलं. "आमच्या सूनबाईला हागायला खुर्ची पायजे. आमी काय पोरं जन्माला घातली नाय का? उकिडवं बसलं की पोट आपसूक सुटतं. खुर्चीत बसून कुणाचं सुटलंय?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी वाणाचं ताट घेऊन तिथंच उभी होते. त्या दिवशी मी मनाशी एक खूणगाठ बांधली.

संधी मिळायला अठरा वर्षं लागली. मामंजी गेल्यावर आत्याबाई आमच्याकडे संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. पुढे महिनाभर त्या सोयगावला बहिणीकडे गेल्या, तेव्हा मी दोन्ही संडासांतली इंडियन भांडी फोडून घेतली आणि क्रांती चौकातून पांढरेशुभ्र कमोड आणून बसवले. सुधाकरला सांगितलं, आईंच्या गुडघ्यांसाठी. आत्याबाईंचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आत्याबाई बुटक्या. कमोडवर बसल्या की त्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. चार दिवस त्यांचं पोट हललं नाही. मी रोज सकाळी दाराबाहेरून गोड आवाजात विचारायचे, "झालं का, आत्याबाई?" आतून उत्तर यायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. मुलाकडे तक्रार करण्यात त्या कमीपणा मानत, तेही मी धरून चालले होते.

पाचव्या दिवशी त्या कमोडवर चढल्या आणि कडांवर दोन्ही पाय ठेवून उकिडव्या बसल्या. सीट तडकली, पाय घसरला आणि कोपर फुटलं. रक्त पाहून माझी घाबरगुंडी उडाली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरांनी टाके घातले, झालेला प्रकार विचारून घेतला आणि मलाच सुनावलं. म्हणाले, आजींचं खरं आहे. उकिडवं बसलं की आतड्याचं शेवटचं वळण सरळ होतं, कुंथावं लागत नाही. कुंथून कुंथूनच मूळव्याध मागे लागते. कमोड ठेवायचा तर पायाखाली काहीतरी उंच द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत.

"हे कागदावर लिवा, डाक्टर," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी लिहिलं. ती चिठ्ठी आत्याबाईंनी नातीकडून, माझ्या मुलीकडून, संडासाच्या दारावर चिकटवून घेतली. येणारा प्रत्येक पाहुणा ती वाचायचा.

मी त्याच संध्याकाळी प्लास्टिकचं स्टूल आणलं. ते म्हणे हलतं. दुसरं आणलं, ते निसरडं निघालं. तिसऱ्याला त्यांनी हातही लावला नाही. सरळ दिवाणखान्यात गेल्या आणि शोकेसवरच्या चौरंगाकडे बोट केलं. तो माझ्या रुखवतातला होता. बाबांनी घरातल्या जुन्या सागवानी दाराच्या लाकडातून करून घेतलेला, मधोमध पितळी अक्षरांत माझं नाव बसवलेलं: वंदना.

"ह्याची उंची बराबर हाय," त्या म्हणाल्या. "देव तर तू कदी बसवला नाय ह्याच्यावर. नुसता मिरवायला ठिवलास. आता कामाला येऊ दे."

सुधाकर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई रोज माझ्या नावावर पाय ठेवून बसू लागल्या, आणि पाच मिनिटांत हसत बाहेर येऊ लागल्या. मी आतल्या आत जळत होते. पुढे बाबा आले तेव्हा मला वाटलं, आता आत्याबाईंची बरी खोड मोडेल. बाबा संडासात गेले, बाहेर आले, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता आत्याबाईंना म्हणाले, "विहीणबाई, साफ झालं." त्या दिवशी मी बाबांशीही बोलले नाही.

शेवटचे सहा महिने आत्याबाई अंथरुणावर होत्या. ऑफिस सांभाळून त्यांचं सगळं मीच केलं, भांडं द्यायचं, उचलायचं, धुवायचं. त्याबद्दल एक चांगला शब्द त्यांनी काढला नाही, मीही मागितला नाही. जायच्या आदल्या आठवड्यात मात्र त्यांनी माझं मनगट धरलं. "चौरंग फेकू नको, वंदना. तुझं बी पोट साफ होत नाय, मला हितं पडल्या पडल्या कळतं. तुला लागंल तो." कुणी याला आशीर्वाद म्हणेल. मी त्यांचे डोळे पाहिले होते. ती धमकी होती.

तेराव्यानंतर मी चौरंग बाल्कनीत नेला आणि चिंच लावून घासला. शोकेसवर परत ठेवणार होते. पितळ उजळलं, पण पहिलं अक्षर त्यांच्या टाचेखाली इतकं झिजलं होतं की वाचताच येईना. मग तो माळ्यावर टाकला.

ऑफिसच्या खुर्चीत दिवस काढून माझं पोट तोवर पार बिघडलं होतं. सहा महिने कसलीकसली चूर्णं घेऊन पाहिली, शेवटी त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं. काही लिहून दिलं नाही, नुसतं विचारलं, "आजींच्या पायाखालचं ते अजून आहे ना घरात?"

आता रोज सकाळी मी त्याच कमोडवर बसते, थोडी पुढे वाकून, गुडघे वर, माझ्याच नावावर माझे पाय. आत्याबाई मला नको तेवढ्या आठवतात. पोट साफ होतं, आणि त्याचाच मला राग येतो.

बाहेरून मुलगी विचारते, "झालं का, आई?" अगदी गोड आवाजात. मी उत्तर देत नाही.