आधी कागद, मग रोटाव्हेटर

"सही करा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

समोर मोताळा तालुक्यातल्या एका गावाचा 'प्लास्टिकमुक्त' दाखला होता. मी कॉन्ट्रॅक्टवरची स्वच्छता सल्लागार. शेवटची सही माझी होती. मी केली नाही.

गाव खोटं नव्हतं. दुकानांत कॅरीबॅग बंद, बाजारात कापडी पिशव्या. पण तपासणीहून परतताना मी मिरचीच्या वावरांतून आले. तिथे वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरतात. नाव पेपर, वस्तू पातळ प्लास्टिक. त्याने तण येत नाही, ओल टिकते. पीक निघालं की तो उचलायचा असतो. पण स्वस्तातला कागद उन्हाने ठिसूळ होतो, ओढला की तुकडे हातात येतात. मग लोक वरूनच रोटाव्हेटर फिरवतात. ट्रॅक्टरमागची ती पाती माती भुसभुशीत करतात आणि कागदाचा चुरा करतात. ज्वारीच्या दाण्याएवढा, पुढे त्याहून बारीक. हेच मायक्रोप्लास्टिक. ते वेचता येत नाही. पावसात वाहून नाल्यात जातं. नाल्याच्या काठावरच गावाची पाण्याची विहीर आहे.

हे साहेबांना सांगितलं.

"शेत आपल्या निकषांत बसत नाही."

"मग निकष चुकलेत, सर."

"तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, लक्षात आहे ना?"

"आहे. दाखला खोटा आहे, हेही लक्षात आहे."

सरपंच सुनंदाताई माझ्यावर भडकल्या. त्यांचा राग रास्त होता. कॅरीबॅगसाठी त्या दुकानदारांशी एकट्या भांडल्या होत्या.

"बोर्ड रंगवून आला मॅडम. आता त्याच्यावर काय लिहू? मॅडमले पसंत नाही म्हून?"

मी त्यांना वावरात नेलं. ते त्यांच्याच दिराचं होतं. त्यांनी मूठभर माती उचलून उन्हात धरली. माती चमकत होती. 

"ग्रामसभा लावतो," त्या म्हणाल्या. "पण बोलसान तुमीच. शिव्याही तुमीच खासान."

खाल्ल्या. कागद उचलायला माणसं कुठून आणायची, कार्यालयात बसून सांगणं सोपं आहे, असं बरंच ऐकलं. घरोघर समजावत बसले असते तर माझी नोकरी संपली असती, कागद नाही. म्हणून मी असं ठिकाण शोधलं होतं, जिथून प्रत्येक वावराला जावंच लागतं. ते ठिकाण म्हणजे रोटाव्हेटर. गावात मोजकेच आहेत. बहुतेकांची वावरं सलीमभाईंच्या ट्रॅक्टरनेच होतात. पात्यांना गुंडाळलेला कागद विळ्याने कापून काढताना ते रोज शिव्या घालतात.

कागद असलेल्या वावरात रोटाव्हेटर घालू नका, असं मी म्हणताच ते सभेत उभे राहिले. "मी एकट्यानं नाही म्हटलं तं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईन. सगळ्यायले एकच नियम लावा, मी आजपासून तयार."

मागून कुणी म्हणालं, "मंग आमी काय बैल जुंपू काय, सलीमभाई?"

"जुंप ना बे. पहिले कागद उचल, मंग काय जुंपाचं ते जुंप."

सगळे हसले. हशातच ठराव झाला. कागद उचलल्याशिवाय कुणाच्याही वावरात रोटाव्हेटर उतरणार नाही. पुढच्या हंगामाला जाड कागद सगळ्यांनी मिळून आणायचा, म्हणजे तो अख्खा गुंडाळता येईल. उचललेला कागद रिकाम्या पडलेल्या कोंडवाड्यात. पूर्वी तिथे मोकाट गुरं कोंडत, आता कुलपाआड प्लास्टिक असतं. रिसायकलवाल्याची गाडी आली की किल्ली सुनंदाताई देतात.

दाखल्यावर मिळणारा पुरस्कार शेजारच्या गावाला गेला. त्यांचीही वावरं चमकतात. साहेबांनी मला दुसऱ्या गावांच्या गटात पाठवलं. तिथे पहिल्या दिवशी मी बाजार पाहिला नाही, थेट वावरात उतरले.

परवा त्या गावावरून गेले. वेशीवर तोच बोर्ड आहे. जुनी अक्षरं पुसून सुनंदाताईंनी नवी काढून घेतलीत : 'आधी कागद, मग रोटाव्हेटर.' दाखल्यावर मात्र माझी सही अजून नाही. जुना चुरा मातीतच आहे, आणि तो बाहेर काढायचा ठराव कुठलीच ग्रामसभा करू शकत नाही.