पोतनीसांची उभी गाडी

उज्जैनच्या नानाखेडा भागातल्या एका कॉलनीत सगळ्यांत लाडाकोडात ठेवलेली गाडी प्रभाकरराव पोतनीसांची, आणि नेमकी तीच बिघडली. बाकीच्यांच्या गाड्या रस्त्यावर धूळ खात पडायच्या, पोरं त्यांच्यावर चेंडू मारायची, तरी त्या ठणठणीत. पोतनीसांच्या डिझेल गाडीला मात्र पोर्च, अंगावर कापडी कव्हर, रोज ओल्या फडक्याने पुसणं. एवढं करूनही एका सकाळी तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना.

प्रभाकरराव बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. पत्नी विजयाबाई होत्या तोवर ही गाडी आठवड्यातून दोनदा इंदूरला जायची, त्यांच्या डायलिसिससाठी. त्या गेल्या आणि गाडी फाटकाबाहेर पडलीच नाही. भाजी कोपऱ्यावर मिळते, पेन्शन आपोआप खात्यात येते, राम घाटावर जायचं तर ई-रिक्षा आहे. पण रोज सकाळी पूजा आटोपली की ते गाडी सुरू करत आणि पोर्चमध्येच पंधरा मिनिटं चालू ठेवत. कोणी विचारलं तर म्हणत, बॅटरी उतरू नये म्हणून.

हे अर्धंच खरं होतं. इंदूरला निघायच्या दिवशी ते गाडी सुरू करून बसायचे, आणि विजयाबाई आत गॅस बंद कर, दूध झाक, कुलूप ओढून बघ, असं करत वेळ काढायच्या. ते दर वेळी वैतागायचे. आता इंजिन घरघरत असलं की आत कोणीतरी आवरतंय असं वाटायचं. ते बंद केलं की घर एकदम रिकामं व्हायचं, आणि ते रिकामपण दुपारच्या जेवणापर्यंत त्यांचा पिच्छा सोडायचं नाही.

पुण्याहून त्यांची मुलगी गौरी केव्हाची सांगत होती, की बाबा, ती गाडी विकून टाका. दिव्याचं कळल्यावर तिने हट्टच धरला. शेवटी प्रभाकररावांनी कबूल केलं, की दिवा गेला नाही तर विकीन. बोलून बसले आणि मग पस्तावले. गाडी गेली की सकाळची ती पंधरा मिनिटंही जाणार होती.

देवास गेटजवळ अनिकेतचं गॅरेज. घरी मराठी, गिऱ्हाइकांशी हिंदी, असा उज्जैनचा मुलगा. त्याने स्कॅनर लावला. दोष एक्झॉस्टच्या झडपेचा निघाला. इंजिन थंड असताना ही झडप धुराची वाट थोडी अडवते, म्हणजे ते लवकर गरम होतं, आणि मग वाट मोकळी करते. प्रभाकरराव लगेच म्हणाले, नवी घाल. अनिकेत म्हणाला, थांबा काका, दोष झडपेचाच आहे का वायरचा, ते तर बघू द्या. त्याने वायर तपासली, करंट नीट येत होता. रबरी नळी दाबून पाहिली, कुठे चीर नव्हती. मग त्याने झडपच उतरवली. आतली चकती काजळीत रुतून अर्ध्यावर अडकली होती, पेचकसाने ढोसली तरी हलेना.

"काका, हिला रोज चालू करता, पण नेत कुठेच नाही ना?" अनिकेत म्हणाला. "म्हणूनच ही झडप जाम झाली. उभ्या उभ्या इंजिन पुरतं गरमच नाही होत, आणि सगळी काजळी हिथेच जमते."

प्रभाकररावांना ते फार लागलं. वर्षभर जपली, आणि जपण्यानेच खराब केली. अनिकेतने झडप साफ करून बसवली, दिवा घालवला, आणि बजावलं, की दर हप्त्याला हायवेवर चांगली दौडवा, नाहीतर दिवा परत लागेल.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर निघाली. जायचं होतं देवास रोडला, पण हातांनी सवयीने इंदूरचा रस्ता धरला. विजयाबाईंना धक्के सोसत नसत, म्हणून ते अर्ध्या वाटेवरच्या सांवेरपर्यंत हळूच गेले; मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून थकले. मग लक्षात आलं, की आता हळू जायचं काही कारण नाही. त्यांनी पाय दाबला, गाडीने पूर्वीसारखी ओढ घेतली, दिवा लागला नाही. सांवेरहून परतायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. भानावर आले तेव्हा गाडी इंदूरच्या त्याच डायलिसिसच्या हॉस्पिटलच्या फाटकात उभी होती.

गार्डने लांबूनच गाडी ओळखली आणि व्हीलचेअर ढकलत आला. डावीकडचं दार उघडून त्याने आत वाकून पाहिलं.

"बाबूजी, बहुत दिन बाद आए. माताजी नहीं आईं?"

बँकेत, गॅस एजन्सीत, नातेवाइकांच्या फोनवर, वर्षभर प्रभाकररावांनी विजयाबाई गेल्याची बातमी आवाज हलू न देता सांगितली होती. इथे ती तोंडातून निघेना.

"घर पर हैं," ते म्हणाले.

"मतलब अब आराम है उनको." गार्डचा चेहरा खुलला. "मेरा नमस्ते बोलना."

"बोलूँगा."

गाडी वळवली आणि सांवेर येईपर्यंत ते रडत होते.

गाडी विकली नाही. दर आठवड्याला ते तिला त्याच रस्त्याने दौडवून आणतात, दिवा पुन्हा लागलेला नाही. पण सांवेरच्या थोडं पुढे गेले की ते वळतात, त्या फाटकाशी परत जात नाहीत. गेले, तर कधी ना कधी त्या गार्डला खरं सांगावं लागेल. साऱ्या जगात तो एकच माणूस उरला आहे, ज्याच्या लेखी विजयाबाई अजून घरी आहेत आणि बऱ्या आहेत.